आठल्ये मास्तरांचे दोन हात

आमच्या आळीत आठल्ये मास्तरांच्या डाव्या हाताची चौकशी वेगळी होत असे आणि उजव्या हाताची वेगळी. "काय मास्तर, डावा काय म्हणतो?" असं कुणी विचारलं की मास्तर बाही कोपरापर्यंत सारून हात पुढे करत आणि घरातल्या आजारी मुलाबद्दल सांगावं तसं सांगत, "आज जरा शांत आहे." उजव्याबद्दल विचारलं तर म्हणत, "त्याला काही दिलेलं नाही. त्याचं तो बघतोय."

मी हे लिहायला बसलो आहे खरा, पण मला कितपत साधेल ठाऊक नाही. आमच्या घरात चौथीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील कचेरीत पट्टेवाले. कॉलेजात निबंध लिहितो ते चार पुस्तकं बघून. माणसाबद्दल लिहायची सवय नाही. शिवाय या हकिकतीत माझ्याकडून एक गोष्ट राहून गेली. ती सांगितल्यावाचून मास्तरांबद्दल खरं काही सांगता येणार नाही. ती जिथे येईल तिथे सांगतो.

मास्तरांच्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत लालसर चट्टे होते आणि त्यांवर माशाच्या खवल्यांसारखा पांढरा कोंडा धरलेला असे. ते बसून उठले की बसल्या जागी तो कोंडा पडलेला दिसायचा. घरात कुणी यायचं असलं की अक्का आधी ओलं फडकं फिरवून घेई. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, भावाला तिनंच वाढवलेलं. मास्तरांचं लग्न झालं नव्हतं. दोनदा ठरत आलं आणि दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी हात पाहिले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी या रोगाला एक इंग्रजी नाव सांगितलं होतं आणि दोन गोष्टी सांगितल्या होत्या. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि हा कायमचा जाणार नाही. पहिली गोष्ट मास्तरांनी चिठ्ठीवर लिहून घेतली. दुसरी त्यांना पटली नाही. दवाखान्यातलं पिवळं मलम त्यांनी काही महिने लावलं. त्यानं सदऱ्यांच्या बाह्या तेवढ्या कायमच्या खराब झाल्या. मग ते झाडांकडे वळले.

झाडाझुडपांची औषधं कोकणात सगळ्यांनाच ठाऊक असतात. प्रत्येक घरात एक तरी म्हातारी असते जी सांगते, अमक्याचा पाला लाव, तमक्याचं मूळ उगाळ. मास्तर सगळ्यांचं ऐकत, पण त्यांची रीत कुणाची नव्हती. एका वेळी एकच झाड. दोन महिने तेच. औषध फक्त डाव्या हाताला. उजव्याला नुसतं खोबरेल. दर रविवारी सकाळी पतंगाचा पातळ कागद हातावर ठेवून ते कॉपिंग पेन्सिलीनं चट्ट्यांची कड गिरवून घेत, खाली तारीख घालत आणि मागच्या रविवारचा कागद त्यावर ठेवून उजेडाकडे धरत.

"डावाच का?" मी एकदा विचारलं होतं.

"काही विपरीत झालं तर उजवा शाबूत हवा. त्यात खडू धरायचाय."

टाकळ्याचं मूळ लिंबाच्या रसात उगाळून झालं. कडुनिंबाच्या सालीचा काढा झाला. करंजाचं तेल झालं. उंडीचं तेल लावलं तेव्हा वर्गातली मुलं नाकं दाबून हसत, कारण ते तेल होड्यांना फासतात आणि तो वास बंदरावरच्या प्रत्येक पोराच्या ओळखीचा. मास्तर वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणे, "मचवा लागला." मास्तर फळ्याकडे तोंड करूनच विचारत, "माल काय आणलाय ते बघितलंस काय?" आणि त्या मुलाला उठवून पावकीचा पाढा म्हणायला लावत.

अक्का म्हणे, "आमच्या घरात फोडणीला लागत नाही तेवढं तेल ह्याच्या डाव्या हाताला लागतं."

शाळेत ते गणित आणि वस्तुपाठ शिकवत. वस्तुपाठाच्या तासाला एखादं पान नाहीतर शिंपला आणून टेबलावर ठेवत आणि एकेकाला विचारत, काय दिसतं? मी तिसरीत असताना हातात पान घेऊन म्हणालो होतो, "आंबा." मास्तर म्हणाले, "कुठाय आंबा? मला दाखव, मी खातो." वर्ग हसला. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "पान दिसतंय तर पान म्हण. आंबा तुझ्या डोक्यात आहे." हे मला तेव्हा अपमानासारखं लागलं होतं. आता कॉलेजात प्रयोगाची वही लिहिताना दर वेळी ते वाक्य कानाशी येतं.

औषध ते दुसऱ्या कुणाला देत नसत. त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी नाक्यावरच्या बाळा शिंप्याला मानेवर असेच चट्टे उठले. मास्तर तेव्हा बावचीच्या बिया तेलात वाटून लावत होते आणि त्यांच्या हाताला थोडा गुण वाटत होता. त्यांनी ते तेल बाळाला दिलं. मास्तरांचा हात दिवसभर बाहीत झाकलेला. बाळा दुकानाच्या दारात, उन्हाकडे मान करून मशीन चालवणारा. तिसऱ्या दिवशी त्याच्या मानेला भाजल्यासारखे फोड आले. पंधरा दिवस त्याला मान वाकवता येईना. मशीन बंद पडलं.

मास्तर त्या पंधरा दिवसांत रोज शाळा सुटल्यावर त्याच्या दुकानात जाऊन बसले. सदऱ्यांना काजं करायची आणि गुंड्या लावायच्या, एवढं काम त्यांना अक्कानं शिकवलं होतं. बाळा पालथा पडून सांगत राही, "मास्तर, टाका जवळ घ्या. मास्तर, हे काज आहे की बोगदा?" मास्तर उसवून पुन्हा घालत. मी वडिलांबरोबर एकदा तिथे गेलो होतो. सुईत दोरा ओवायला मास्तर दोऱ्याचं टोक पुन्हा पुन्हा ओलं करून बघत होते.

त्या प्रकारानंतर त्यांनी दोन नियम केले. पहिला, स्वतःच्या हातावर खात्री झाल्याखेरीज कुणाला थेंब द्यायचा नाही. दुसरा नियम ते असा सांगत: "ऊनही औषधात भाग घेतं. त्याला विसरायचं नाही."

मी मॅट्रिक होऊन कोल्हापुरास कॉलेजात गेलो. तेव्हापासून मास्तर मला "या कॉलेजवाले" म्हणू लागले आणि अहो-जाहो करू लागले. मला फार संकोच वाटे. पण सुट्टीत आलो की ते मला वहीतले कागद दाखवत, आणि त्या आळीत ते कागद दाखवावेत असं दुसरं कुणी त्यांना नव्हतं, हेही मला कळत होतं.

पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मे महिन्यात घरी आलो. कोल्हापूरची मोटार पालीला थांबली तेव्हा आमच्या आळीतला एकजण चहाला भेटला. त्याच्याकडून पहिल्यांदा कळलं की मास्तरांचं शाळेत काहीतरी बिनसलं आहे. घरी पोचल्यावर सगळं समजलं. एका व्यापाऱ्याच्या मुलाच्या अंगावर खरूज उठली होती आणि त्या व्यापाऱ्यानं ती मास्तरांपासून आली असं धरलं. दोन-चार आयांनी मुलांना शाळेत पाठवायचं थांबवलं. हेडमास्तर मास्तरांच्या बरोबरीचे, वाईट माणूस नव्हे. त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "आठल्ये, डॉक्टरांची चिठ्ठी मला पटते. पण ती मी प्रत्येक घरी जाऊन वाचून दाखवू का? जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा हात साफ घेऊन या. नाहीतर मला तुम्हाला वर्गावर पाठवता येणार नाही."

मास्तरांनी मला हे सांगितलं ते अगदी सपाट आवाजात. मग म्हणाले, "मुलं हल्ली पाटी हातात देत नाहीत. टेबलाच्या कडेला ठेवतात आणि मागे सरतात." आणि नंतर, "मला दुसरं काही येत नाही हो, कॉलेजवाले."

त्या वेळी कुड्याचं तेल चालू होतं. ते पावसच्या धाकू तांडेलामुळे आलं. धाकूच्या दोन्ही नडग्यांवर मास्तरांसारखेच चट्टे होते. मालाच्या गलबतावर तो दरवर्षी खाली मलबारपर्यंत जाई. तिथल्या एका म्हाताऱ्यानं त्याला जांभळट तेलाची छोटी बाटली दिली होती आणि त्यानं खाज पुष्कळ उतरली होती. बाटली संपली तेव्हा धाकूनं शहाणपणा करून त्या झाडाची वाळकी फांदी शेंगांसकट आणली आणि मास्तरांपुढे ठेवली.

"ह्याचा झाड आपल्याकडं हाय काय, सांगा."

दोन लांब शेंगा, टोकांना एकमेकींना चिकटलेल्या. मास्तरांनी आधी आमच्या परड्यामागचा पांढरा कुडा घेऊन पाहिला. तेल आठ दिवस उन्हात ठेवूनही खोबरेलच राहिलं. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा सुट्या असतात, हे मग त्यांच्या ध्यानात आलं. भाट्याची खाडी उतरून, पावसच्या वाटेवरच्या कातळाच्या सड्यावर हिंडून त्यांनी काळा कुडा शोधला. त्याची कोवळी पानं फाडून खोबरेलात घातली, बाटली परसातल्या दगडी गडग्यावर उन्हात ठेवली. तिसऱ्या दिवशी उजेडाकडे धरली तर आत पिकल्या जांभळाचा रंग उतरला होता.

धाकू बाटली मागायला आला, तेव्हा मास्तर म्हणाले, "आधी मला कळू दे."

"माज्या पायाला गुण आलेला, मास्तर. मी सांगतोय ना."

"तू गलबतावर दिवसभर उन्हात असतोस, खाऱ्या पाण्यात असतोस. तेलानं आला की उन्हानं, ते तुला कसं कळलं?"

"खाज गेल्यावर कोन इचारतो कशानं गेली?"

"मी विचारतो," मास्तर म्हणाले. "पावसाळ्याला मचवे वर ओढलेत की ये. तोवर माझा डावा हात सांगेल."

आणि डावा हात सांगू लागला होता. मी आलो तेव्हा चट्ट्यांवरचा कोंडा गळून गेला होता. रविवारचे कागद एकावर एक ठेवले की डाव्याच्या रेषा आत आत आलेल्या दिसत. उजव्याच्या होत्या तिथेच. मास्तरांच्या तोंडावर इतक्या वर्षांत मी पाहिली नव्हती अशी एक भीतभीत उभारी होती.

मी म्हणालो, "मास्तर, मग आता उजव्यालाही लावा. शाळा उघडायला महिनाही नाही. खडू उजव्यात असतो. मुलं तोच हात बघतात."

"आणि मला कसं कळेल? सुट्टी आहे, मी परसात बाह्या सारून बसतो, दोन्ही हातांना ऊन लागतं. डावा उन्हानं बरा होत असेल तर? उजवा माझा साक्षीदार आहे. त्यालाच औषध पाजलं तर तो काय सांगणार?"

अक्का माजघरात तांदूळ निवडत होती. तिथून म्हणाली, "आणि शाळा?"

"शाळा बघेल काय ते."

"शाळा बघायचं ते बघेल. मला तू शाळेतून घरी आलेला कसा दिसशील, ते बघायचंय."

सुपातला तांदूळ पुष्कळ वेळ नुसताच वर-खाली होत राहिला.

आता ती गोष्ट. मास्तरांना खाजेमुळे रात्री झोप नसे. सुट्टीत ते दुपारी जेवून डाव्या कुशीवर आडवे होत आणि दगडासारखे झोपत. त्या तासाभरावरच ते जगतात, असं अक्का म्हणे. एक दिवस मी त्यांचं पुस्तक परत द्यायला दुपारीच गेलो. ओटीवर कुणी नव्हतं म्हणून आत डोकावलो. मास्तर चटईवर झोपलेले. उजवा हात वर अंगावर पसरलेला. अक्का त्यांच्या पाठीशी जमिनीवर बसली होती. शेजारी पितळेच्या वाटीत ते जांभळट तेल. अनामिकेचं टोक तेलात बुडवून ती एकेका चट्ट्यावर इतक्या हलकेच फिरवत होती की मास्तरांचा श्वासही बदलत नव्हता. थोडं जिरलं की जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं टिपून घेई. उजव्याला खोबरेल असायचंच, त्यामुळे हात तेलकट दिसला तरी संशय येण्यासारखं काही नव्हतं.

तिनं मला पाहिलं. दचकली नाही. वाटी घेऊन उठली आणि मला मागल्या दारी नेलं.

"सदा, तू शिकतो आहेस. तुला ह्यातलं कळतं," ती म्हणाली. "मला एवढंच कळतं की हा हात घेऊन गेला तर त्याला दारातून परत पाठवतील. तो परत आला तर मग उठायचा नाही. तू त्याला सांगणार असलास तर सांग. मी करायची ते करणार."

मी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि घरी आलो. मला कळत होतं. आमच्या दोघांपैकी निदान मला तरी पूर्ण कळत होतं की त्या वाटीनं काय होणार आहे. पण मला वाटलं, शाळा वाचू दे, मग सांगू. शाळा वाचल्यावर सांगण्यासारखं काय उरेल, याचा विचार मी केला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दोन्ही हात साफ होते. जुन्या चट्ट्यांच्या जागी कातडी थोडी फिकट, एवढंच. हेडमास्तरांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि हजेरीचं पुस्तक मास्तरांच्या पुढ्यात सरकवलं. त्या संध्याकाळी अक्कानं नारळाच्या वड्या केल्या आणि आळीत वाटल्या. मी गेलो तेव्हा मास्तर ओटीवर कागद पसरून बसले होते.

"पास झालो, कॉलेजवाले," ते म्हणाले. "डावा आधी सुधारू लागला. उजवा मागून आला, पण आला आणि त्याला गाठलंन. हे बघा. औषध न घेता." त्यांनी दोन कागद माझ्या हातात दिले. "ऊन. नाहीतर सुट्टी. नाहीतर आपणहून. तेलाचा गुण म्हणता येत नाही."

वहीत त्यांनी तेच लिहिलं होतं, तारीख घालून.

मी तिथे बसलो होतो. वडी तोंडात होती. अक्का दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिला वाटत असावं की यात सांगण्यासारखं काही नाही. भाऊ बरा झाला, शाळा राहिली. वहीत काय लिहिलं जातं हे तिला वाचता येत नव्हतं.

तीन-चार दिवसांनी धाकू तांडेल आला. मचवे वर ओढून झाले होते. नडग्यांवरचे चट्टे खाजवून लाल झालेले.

"मास्तर, हात बघू." त्यानं दोन्ही हात पाहिले आणि समाधानानं पायरीवर बसला. "द्या आता बाटली."

"तेलानं झालेलं नाही, धाकू. उजव्याला लावलंच नव्हतं. तोही बरा झाला."

"मंग कशानं?"

"आपोआप."

धाकूनं आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माजा का नाय व्हत आपोआप?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी गडग्याकडे बघत राहिलो. धाकू गेल्यावर मास्तरांनी उरलेलं तेल नारळीच्या आळ्यात ओतलं आणि बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या. चौथ्या दिवशी मी कोल्हापुरास निघून गेलो.

पुढच्या चार महिन्यांत मी मास्तरांना तीन पत्रं लिहायला घेतली. प्रत्येकात अक्काचं नाव येई तिथे थांबलो. दिवाळीच्या सुट्टीत आलो तर मास्तर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, मनगटापर्यंत गुंड्या लावून ओटीवर बसलेले. पावसात दोन्ही हातांवर पुन्हा उठलं होतं. पूर्वीपेक्षा जास्त. शाळेत अजून कुणी बोललं नव्हतं, पण पाट्या पुन्हा टेबलाच्या कडेला येऊ लागल्या होत्या.

त्या संध्याकाळी आम्ही भाट्याच्या वाळूवर फिरायला गेलो. मी त्यांना सांगितलं. सलग सांगता आलं नाही. दोनदा थांबलो, एकदा चुकीचं सांगून दुरुस्त केलं. मास्तर चालता चालता थांबले. मला वाटलं, आता रागावतील.

"कुठल्या तारखेपासून?" त्यांनी विचारलं.

"मी एकदाच पाहिलं. वीस-बावीस मे असेल."

"रोज लावी की मधून मधून?"

"ठाऊक नाही."

"टिपून घेई म्हणालास. लगेच, की थोड्या वेळानं?"

मी म्हणालो, "मास्तर, अक्काला विचारलं तर ती सांगेल."

"नको." ते खाडीकडे बघत होते. "तिला विचारलं तर तिनं काय केलं ते तिला कळेल. तिनं माझी शाळा वाचवली, एवढंच तिला ठाऊक असू दे. सदा, मला कळलंय हे तिच्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही."

किती तरी दिवसांनी त्यांनी मला सदा म्हटलं.

मी म्हणालो, "मग आता दोन्ही हातांना लावा. गुण येईल असं दिसतंय. शाळाही राहील."

"मला गुण येईल. धाकूला काय सांगू? बाळाला सांगितलं तसंच ना, की मला बरं वाटलं, तूही लाव?" ते वाळूत बसले. सदऱ्याची गुंडी काढून त्यांनी मनगट खाजवलं. "मला कंटाळा आलाय रे. खाजेचा नव्हे. खाजेशी आता ओळख आहे. हे न कळण्याचा. एकदा, फक्त एकदा, नीट कळलं असतं तर मी हात जोडून बाजूला झालो असतो."

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी ते स्वतःच हेडमास्तरांकडे गेले आणि बाह्या वर करून हात दाखवले. सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. हेडमास्तरांनी अर्ज ताबडतोब मंजूर केला. त्यांचीही सुटका झाली असावी. रजेनंतर काय, हे कुणी विचारलं नाही. धाकूच्या पोरानं सड्यावरून काळ्या कुड्याचा पाला आणून टाकला. डाव्या हाताला तेल, उजव्याला खोबरेल, पहिल्यापासून. आणि मास्तरांनी दुपारची झोप सोडली.

मास्तर पुढच्याच पावसाळ्यात विषमज्वरानं गेले. मी तेव्हा कोल्हापुरास होतो. वडिलांच्या पत्रात तेवढीच ओळ होती. हात कसे होते ते त्यांनी लिहिलं नव्हतं. तापानं फणफणलेल्या माणसाचे हात कोण बघतो? पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, संक्रांतीला दोन दिवस आलो होतो तेव्हा.

दुपारचे दोन वाजले असतील. मास्तर परसातल्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते. डोळे तांबारलेले, गाल आत गेलेले. अधूनमधून मान खाली येई आणि ते झटक्यानं ती वर करत. डाव्या हातावरचं तेल चकाकत होतं. त्यांच्यासमोर पाटावर अक्का बसली होती, मांडीवर पाटी घेऊन. पन्नाशी उलटलेली ती बाई ओठ आवळून अक्षर गिरवत होती.

मला बघून ती लाजली. "हल्ली दुपारचा झोपत नाही हा," ती म्हणाली. "म्हणतो, झोप येते तर मला शिकवू दे. म्हणून बसते. माझ्या वयाला हे शोभतं का सांग."

"बडबड नको," मास्तर म्हणाले. "कॉलेजवाले, बसा. आज जोडाक्षरं चाललीत."

मी डाव्या हाताकडे पाहिलं, मग उजव्याकडे. मला फरक दिसतोय असं वाटलं. पण त्यांनी विचारलं नाही.

लांबून शाळेची घंटा ऐकू आली. मधली सुट्टी संपली होती. मास्तरांनी मान वळवली नाही. त्यांनी पाटी घेतली, ओल्या फडक्यानं पुसली, वर एक शब्द काढला आणि परत अक्काच्या हातात दिली.

"वाच," ते म्हणाले.

अक्कानं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. पुष्कळ वेळ लागला. मास्तर डोळे उघडे ठेवून वाट बघत होते.